लाल रक्त, हिरवे रक्त : व्हिडिओ गेममधील हिंसाचाराचा न संपणारा वाद

‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ हा खेळ २ जुलै २०२१ रोजी भारतात अधिकृतपणे दाखल झाला, तेव्हा त्यातला एक बदल सराईत खेळाडूंच्या लगेच लक्षात आला. गोळी लागलेल्या सैनिकाच्या अंगातून उडणारे रक्त हिरवे होते. ‘किल’ हा शब्द जाऊन त्याच्या जागी ‘फिनिश’ आला होता. बंदुका त्याच, गोळ्या त्याच, बेटावर उतरलेल्या शंभरांतून अखेरपर्यंत जिवंत उरण्याचे उद्दिष्टही तेच. बदलला होता तो फक्त रंग आणि एक क्रियापद.

ही युक्ती नवी नव्हती. १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये ‘कार्मागेडन’ नावाचा खेळ तयार झाला. भरधाव मोटार पादचाऱ्यांच्या अंगावर घालायची आणि त्याबद्दल गुण मिळवायचे, असे त्याचे स्वरूप. तेथील चित्रपट परिनिरीक्षण मंडळाने, म्हणजे ‘ब्रिटिश बोर्ड ऑफ फिल्म क्लासिफिकेशन’ने (बीबीएफसी), त्याला प्रमाणपत्र नाकारले. कंपनीने पादचाऱ्यांचे ‘झाँबी’ केले, त्यांच्या रक्ताला हिरवा रंग दिला आणि खेळ बाजारात आणला. पुढे अपिलात कंपनी जिंकली व लाल रक्ताची मूळ आवृत्तीही दुकानांत आली. चाकाखाली येणारा माणूस असेल तर आक्षेप, झाँबी असेल तर नाही, हा भेद कायद्याला मान्य असला तरी खेळणाऱ्या मुलाच्या मनाला तो कितपत जाणवतो, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर तेव्हा कोणी दिले नाही.

व्हिडिओ गेममधील टोकाच्या हिंसाचाराचा वाद अनेक वर्षे असाच रंगांभोवती, शब्दांभोवती आणि वयाच्या आकड्यांभोवती फिरत राहिला आहे. एखादे भीषण हत्याकांड घडते, आरोपी तरुण असतो, त्याच्या खोलीत गेमची तबकडी सापडते किंवा सापडल्याचे सांगितले जाते, आणि चर्चा पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

किंकाळी आणि क्रूस

या वादाची सुरुवात बहुतेक अभ्यासक १९७६ पासून धरतात. ‘एक्सिडी’ या अमेरिकी कंपनीने त्या वर्षी ‘डेथ रेस’ हा नाणे टाकून खेळायचा खेळ बाजारात आणला. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर काड्यांसारख्या आकृत्या धावत; त्यांच्यावर गाडी घातली की बारीक किंकाळी ऐकू येई आणि त्या जागी क्रूस उमटे. या आकृत्या माणसे नव्हेत, भुते आहेत, असा कंपनीचा खुलासा होता. मात्र, घडणीच्या काळात या खेळाचे नाव ‘पेडेस्ट्रियन’, म्हणजे पादचारी, असे होते. त्यामुळे त्या खुलाशावर फारसा कोणाचा विश्वास बसला नाही. वृत्तपत्रांनी झोड उठवली, आणि या टीकेमुळे यंत्रांची मागणी कमी न होता वाढली. हा अनुभव या उद्योगाने नीट लक्षात ठेवला.

मॉर्टल कॉम्बॅट आणि सिनेटची सुनावणी

काड्यांच्या आकृत्यांकडे काणाडोळा करता येत होता. १९९२ च्या ‘मॉर्टल कॉम्बॅट’कडे तसा करता येईना. ‘मिडवे’ कंपनीच्या या द्वंद्वयुद्धाच्या खेळात खऱ्या नटांची छायाचित्रे संगणकात उतरवलेली होती. लढत जिंकल्यावर ठराविक क्रमाने कळा दाबल्या की विजेता प्रतिस्पर्ध्याला ‘फॅटॅलिटी’ देत असे. एक पात्र तर पराभूताचे मस्तक पाठीच्या कण्यासकट उपसून हाती धरत असे. सप्टेंबर १९९३ मध्ये हा खेळ घरगुती यंत्रांवर आला, तेव्हा दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी दोन वेगळे मार्ग निवडले. ‘निन्टेंडो’ने रक्त काढून टाकून त्याऐवजी करडा घाम दाखवला. ‘सेगा’ने रक्त ठेवले, ते एका गुप्त कळांच्या क्रमाने उघडत असे आणि तो क्रम शाळाशाळांतून तोंडोतोंडी पसरला. रक्ताची आवृत्ती घामाच्या आवृत्तीपेक्षा जास्त खपली.

९ डिसेंबर १९९३ रोजी अमेरिकी सिनेटमध्ये जोसेफ लिबरमन आणि हर्ब कोल या सदस्यांच्या पुढाकाराने सुनावणी झाली. सेगा व निन्टेंडो यांचे प्रतिनिधी तेथे एकमेकांवरच आरोप करत राहिले. सिनेटरांनी उद्योगाला स्पष्ट इशारा दिला : तुम्ही स्वतःची वर्गवारी करा, अन्यथा सरकार करील. त्यातून १९९४ मध्ये ‘एंटरटेनमेंट सॉफ्टवेअर रेटिंग बोर्ड’ (ईएसआरबी) हे उद्योगाचेच मंडळ उभे राहिले. खोक्याच्या कोपऱ्यात वयोगट दर्शवणारी अक्षरे छापली जाऊ लागली.

या तोडग्याचा परिणाम मात्र सिनेटरांना अपेक्षित नसावा असा झाला. १९९४ मध्ये ‘मॉर्टल कॉम्बॅट’चा दुसरा भाग आला आणि आदल्या वर्षी घाम दाखवणाऱ्या निन्टेंडोने या वेळी रक्त जसेच्या तसे राहू दिले. मोठ्यांसाठी असल्याचे एकदा खोक्यावर छापले की आत काय असावे, याचे बंधन सैल झाले. वर्गवारी ही पालकांसाठी सूचना होती, तशीच ती निर्मात्यांसाठी मुभाही ठरली. या वादातील पुढची सगळी गुंतागुंत या दुहेरी स्वरूपातून निर्माण झाली आहे.

एप्रिल १९९९ मध्ये कोलोरॅडोतील कोलंबाइन शाळेत दोन विद्यार्थ्यांनी बारा विद्यार्थी आणि एका शिक्षकाला गोळ्या घातल्या. दोघेही ‘डूम’ हा खेळ खेळत असत. मृत शिक्षकाच्या कुटुंबीयांनी आणि इतर काहींनी गेम कंपन्यांविरुद्ध भरलेला दावा न्यायालयाने २००२ मध्ये फेटाळला. ‘डूम’ तेव्हा अमेरिकेतील लाखो मुले खेळत होती. त्यामुळे त्या दोघांनीच असे का केले, याचे उत्तर खेळाकडून मिळणे शक्य नव्हते.

लेस्टरमधील खून आणि ‘मॅनहंट’

एका खेळाच्या बाबतीत हा वाद सर्वाधिक टोकाला गेला. स्कॉटलंडच्या एडिंबरा येथील ‘रॉकस्टार नॉर्थ’ या कंपनीचा ‘मॅनहंट’ नोव्हेंबर २००३ मध्ये आला. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ची निर्मिती करणारी ही कंपनी. या खेळाचा नायक फाशीची शिक्षा झालेला कैदी असतो. त्याला वाचवणारा एक अज्ञात दिग्दर्शक कानातील यंत्रातून हुकूम सोडतो : समोर येईल त्याला मार, मी त्याचे चित्रीकरण करतो. खेळणाऱ्याने अंधारात दबा धरून सावजाच्या पाठीमागे जायचे आणि कळ दाबून धरायची. कळ जितकी जास्त वेळ दाबून धरावी तितकी हत्या अधिक निर्घृण होते. घाईची, हिंसक आणि बीभत्स अशा तीन पायऱ्या त्यासाठी ठरवलेल्या आहेत. हत्यारांत काचेचा तुकडा आहे, तसेच गुदमरवण्यासाठी प्लास्टिकची पिशवीही आहे.

‘मॅनहंट’वरील आक्षेप केवळ रक्ताच्या प्रमाणावर नव्हता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. युद्धावरील खेळांत शेकडो माणसे मरतात, पण तेथे मारणे हे डोंगर जिंकण्याचे किंवा ओलीस सोडवण्याचे साधन असते. येथे क्रौर्य हेच कौशल्य होते आणि त्याला गुण होते. न्यूझीलंडने डिसेंबर २००३ मध्ये त्यावर बंदी घातली. ऑस्ट्रेलियाने आधी दिलेले प्रमाणपत्र २००४ मध्ये काढून घेतले. ब्रिटनमध्ये तो अठरा वर्षांवरील प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र घेऊन विकला जात होता.

फेब्रुवारी २००४ मध्ये ब्रिटनमधील लेस्टर शहरात एका सतरा वर्षांच्या मुलाने आपल्या चौदा वर्षांच्या मित्राला बागेत नेऊन हातोडा व चाकूने ठार केले. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये त्याने गुन्हा कबूल केला. मारेकऱ्याला ‘मॅनहंट’चे वेड होते आणि खुनाची पद्धत खेळातल्यासारखीच होती, असे मृत मुलाच्या आईवडिलांनी सांगितले. ब्रिटिश वृत्तपत्रांचे मथळे त्या दिवशी एकमुखी होते. काही मोठ्या दुकानसाखळ्यांनी खेळ फळीवरून काढला. अमेरिकेतील गेमविरोधी वकील जॅक थॉम्पसन यांनीही या प्रकरणात उडी घेतली.

लेस्टरच्या पोलिसांची भूमिका मात्र वेगळी होती. तपासात खेळाशी कोणताही संबंध आढळलेला नाही, खुनाचा हेतू लुटीचा होता, असे त्यांनी सांगितले. खेळाची प्रत मारेकऱ्याच्या नव्हे, तर मृत मुलाच्या खोलीत सापडली होती, हेही त्यांनी स्पष्ट केले. चौदा वर्षांच्या मुलाच्या खोलीत अठरा वर्षांवरील लोकांसाठीचा खेळ कसा आला, हा खरे तर त्यातून निघणारा प्रश्न. परंतु मथळ्यांनी तो विचारला नाही. मुलगा गमावलेल्या आईवडिलांना उत्तर हवे होते, यात वावगे काही नव्हते. बातमीदारीने मात्र त्यांच्या दुःखाला पुराव्याचा दर्जा दिला.

या पार्श्वभूमीवर ‘मॅनहंट २’ आला. १९ जून २००७ रोजी ‘बीबीएफसी’ने त्याला प्रमाणपत्र देण्यास नकार दिला; ‘कार्मागेडन’नंतर दहा वर्षांनी अशी वेळ आली होती. खेळाच्या निष्ठुर सुरावर आणि हत्येतून मिळणाऱ्या आसुरी आनंदावर मंडळाचे बोट होते. अमेरिकेत त्याला ‘केवळ प्रौढांसाठी’ असा शिक्का मिळाला. हा शिक्का म्हणजे व्यवहारात बंदीच, कारण असा खेळ आपल्या यंत्रांवर चालू द्यायचा नाही, असे सोनी व निन्टेंडो यांचे धोरण होते. निन्टेंडोच्या ‘वी’ यंत्रावर तर प्रश्न आणखी नाजूक होता : तेथे कळ दाबायची नसून हातातील नियंत्रक हवेत फिरवून वार करण्याची कृतीच करायची होती. कंपनीने हत्येची दृश्ये धूसर केली, तेव्हा अमेरिकेत ऑक्टोबर २००७ च्या अखेरीस खेळ विक्रीस आला.

ब्रिटनमध्ये सुधारित आवृत्तीलाही नकार मिळाला. कंपनी व्हिडिओ अपील समितीकडे गेली आणि डिसेंबर २००७ मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी जिंकली. ‘बीबीएफसी’ने उच्च न्यायालयात धाव घेतली. जानेवारी २००८ मध्ये न्यायालयाने समितीचा निर्णय रद्द ठरवला. कायद्यातील ‘हानी’ म्हणजे केवळ सिद्ध झालेली हानी नव्हे, होऊ शकणारी हानीही विचारात घेतली पाहिजे, असा या निकालाचा आशय होता. समितीने फेरविचार केला आणि मार्चमध्ये पुन्हा कंपनीच्याच बाजूने कौल दिला. शेवटी मंडळाने अठरा वर्षांवरील प्रमाणपत्र दिले आणि खेळ ३१ ऑक्टोबर २००८ रोजी ब्रिटिश दुकानांत पोहोचला.

या लढाईला एक विनोदी उपसंहार आहे. हे सारे ज्या १९८४ च्या व्हिडिओ कायद्याखाली चालले होते, त्याची आवश्यक सूचना युरोपीय आयोगाला कधी दिलीच गेली नव्हती, असे २००९ मध्ये लक्षात आले. म्हणजे पंचवीस वर्षे तो कायदा अंमलबजावणीयोग्यच नव्हता. जानेवारी २०१० मध्ये तो घाईघाईने पुन्हा संमत करावा लागला. पुढे २०१२ पासून ब्रिटनने ‘पेगी’ या युरोपीय वर्गवारीला कायद्याचे बळ दिले. तेव्हापासून बारा वर्षांवरील वयोगटाचा शिक्का असलेला खेळ त्याहून लहान मुलाला विकणे हा तेथे गुन्हा आहे.

प्रयोगशाळेतील तिखट

हिंसक खेळांमुळे मुले हिंसक होतात का, या प्रश्नावर मानसशास्त्रज्ञांत उघड फळ्या पडल्या आहेत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ क्रेग अँडरसन यांच्या मते असा परिणाम लहान असला तरी खरा आहे. ख्रिस्तोफर फर्ग्युसन आणि त्यांच्यासारखे टीकाकार म्हणतात की, जो परिणाम दिसतो तो मोजण्याच्या पद्धतीतून आलेला आहे.

प्रयोगशाळेत कोणालाही खरा ठोसा मारू देता येत नाही, ही येथील मूळ अडचण. त्यामुळे आक्रमकता मोजण्यासाठी पर्याय शोधले जातात. एका पद्धतीत खेळ खेळून झालेला विद्यार्थी दुसऱ्या खोलीतील, प्रत्यक्षात नसलेल्या, प्रतिस्पर्ध्याच्या कानात किती मोठा व किती वेळ कर्कश आवाज सोडतो, हे पाहतात. दुसऱ्या पद्धतीत तिखट न आवडणाऱ्या माणसाला खायला किती झणझणीत सॉस वाढतो, ते तोलतात. कोल्हापूरच्या वाचकाला हे आक्रमकतेपेक्षा आदरातिथ्याचे माप वाटण्याचा संभव आहे. विनोद बाजूला ठेवला तरी आक्षेप गंभीर आहे : कर्कश आवाजाच्या एकाच चाचणीचे आकडे वेगवेगळ्या शोधनिबंधांत दीडशेहून अधिक प्रकारांनी मोजले गेले असल्याचे जर्मन संशोधक माल्टे एल्सन यांनी दाखवून दिले. मोजपट्टी इतकी लवचिक असेल, तर हवा तो निष्कर्ष हाती लागण्याची भीती असते.

म्हणूनच ऑक्सफर्डचे अँड्र्यू प्रझिबिल्स्की आणि कार्डिफच्या नेट्टा वाइनस्टाइन यांच्या २०१९ मधील अभ्यासाला महत्त्व आले. विश्लेषण कसे करणार, हे त्यांनी माहिती गोळा करण्यापूर्वीच जाहीर नोंदवून ठेवले. ब्रिटनमधील सुमारे एक हजार चौदा-पंधरा वर्षांची मुले त्यात होती. खेळ किती हिंसक, हे मुलांच्या मतावर न सोडता अधिकृत वर्गवारीवरून ठरवले आणि मुलाच्या वर्तनाविषयी पालकांना विचारले. हिंसक खेळ आणि आक्रमक वर्तन यांत संबंध आढळला नाही. मात्र, खेळताना चिडचिड, शिवीगाळ होत नाही असा त्याचा अर्थ नाही, हे प्रझिबिल्स्की यांनी बजावले. हरल्याचा राग खराच असतो. तो रक्त पाहून येतो की हरल्यामुळे, हा वेगळा प्रश्न.

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०१५ मध्ये हिंसक खेळ आणि आक्रमकता यांत संबंध असल्याचे म्हटले होते. २०२० मध्ये या संघटनेने आपला ठराव सुधारून, प्रत्यक्ष हिंसाचाराचे खापर व्हिडिओ गेमवर फोडणे शास्त्रीयदृष्ट्या योग्य नाही, असे स्पष्ट केले. आरडाओरडा आणि धक्काबुक्की यांसारखी आक्रमकता वेगळी, खून वेगळा, हा भेद राजकीय व्यासपीठांवर सहसा पुसला जातो. ऑगस्ट २०१९ मध्ये एल पासो येथील ‘वॉलमार्ट’मध्ये गोळीबार होऊन अनेकांचे बळी गेले. त्यानंतर या कंपनीने दुकानांतील हिंसक गेमच्या जाहिराती व प्रात्यक्षिके हटवली. बंदुकांची विक्री तेव्हा चालूच राहिली.

ग्रिमच्या परीकथा न्यायालयात

अमेरिकेत या वादाचा कायदेशीर निकाल लागला तो २७ जून २०११ रोजी. कॅलिफोर्निया राज्याने २००५ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना हिंसक गेम विकण्यास बंदी करणारा कायदा केला होता. दंड एक हजार डॉलरपर्यंत. त्यावर सही करणारे गव्हर्नर होते अर्नॉल्ड श्वार्झनेगर, ज्यांची चित्रपटसृष्टीतील कीर्ती ‘टर्मिनेटर’वर उभी आहे. कायद्याचे जनक लेलँड यी हे बालमानसशास्त्रज्ञ. पुढे २०१४ मध्ये त्यांनाच अटक झाली. आरोपांत शस्त्रांच्या तस्करीचा कटही होता. २०१६ मध्ये त्यांना पाच वर्षांची शिक्षा झाली. अर्थात, त्यामुळे त्यांच्या कायद्याचा युक्तिवाद खरा किंवा खोटा ठरत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी कायदा रद्द केला. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी ग्रिमबंधूंच्या परीकथांचा दाखला दिला : सिंड्रेलाच्या सावत्र बहिणींचे डोळे कबुतरे टोचून काढतात, हॅन्सेल आणि ग्रेटेल चेटकिणीला भट्टीत ढकलतात. स्वस्त कादंबऱ्या, चित्रपट, नभोनाट्ये, कॉमिक्स या सर्वांवर एकेकाळी मुलांना बिघडवल्याचा आळ होता, हेही त्यांनी नोंदवले. घरच्या भिंतीवरील दिनदर्शिकेत हिरण्यकशिपूचे पोट फाडणारा नृसिंह पाहत वाढलेल्या मराठी माणसाला हा युक्तिवाद परका वाटणार नाही.

परंतु निकालात इतर सूरही होते आणि ते ऐकण्यासारखे आहेत. न्यायमूर्ती सॅम्युएल अलिटो यांनी बहुमताच्या निष्कर्षाशी सहमत होतानाच, वाचणे आणि स्वतः कृती करणे यांत फरक असू शकतो, तो इतक्या सहज उडवून लावू नये, असे बजावले. न्यायमूर्ती स्टीफन ब्रेयर यांचा विरोधी सूर अधिक बोचरा होता. तेरा वर्षांच्या मुलाला नग्न स्त्रीचे चित्र विकणे गुन्हा आहे. पण त्याच स्त्रीला बांधून, छळून मारण्याचा खेळ त्याला विकता येतो, ही विसंगती त्यांनी दाखवली. बहुमताने तिचे निराकरण केले असे म्हणणे कठीण आहे.

भारतात मोजमाप कशाचे?

आपल्याकडे हा वाद उशिरा आला. २००० च्या दशकात सायबर कॅफेत ‘काउंटर-स्ट्राइक’ आणि घरोघरी चोरट्या सीडीवरची ‘व्हाइस सिटी’ खेळली जात होती. त्या सीडीवर वयाचा शिक्का असण्याचा प्रश्नच नव्हता. २०१८ नंतर ‘पबजी’ स्वस्त इंटरनेटच्या जोडीने खेड्यापाड्यांत पोहोचला, तेव्हा पालक जागे झाले. जानेवारी २०१९ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्यापुढे एका आईने मुलाच्या ऑनलाइन खेळांच्या नादाची तक्रार मांडली, तेव्हा त्यांनी ‘ये पबजी वाला है क्या?’ असे विचारताच सभागृह हसले. पुढच्याच महिन्यात गोव्याचे तत्कालीन माहिती तंत्रज्ञानमंत्री रोहन खंवटे यांनी या खेळाला घराघरांतील राक्षस म्हटले. मार्चमध्ये राजकोट पोलिसांनी बंदी घालून खेळणाऱ्या तरुणांना अटकही केली. मुंबई उच्च न्यायालयात एका अकरा वर्षांच्या मुलाच्या वतीने जनहित याचिका आली आणि न्यायालयाने केंद्राला खेळाचे स्वरूप तपासण्यास सांगितले.

अखेर बंदी आली ती २ सप्टेंबर २०२० रोजी, आणखी ११७ ॲपसह. तिचे कारण हिंसाचार नव्हते. सीमेवरील तणाव, चिनी कंपनीचा संबंध आणि माहितीची सुरक्षितता हे होते. ‘बॅटलग्राउंड्स’ हा त्याचा भारतीय अवतारही जुलै २०२२ मध्ये रोखला गेला आणि मे २०२३ मध्ये अटींसह परतला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्याचा रोख पैसे लावून खेळायच्या खेळांवर आहे. चीन, माहिती, जुगार, व्यसन या सर्वांची दखल भारतीय व्यवस्थेने या ना त्या मार्गाने घेतली. पडद्यावरील क्रौर्याचे मोजमाप मात्र तिने फारसे केलेले नाही. चित्रपटाला परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. त्याच चित्रपटावर बेतलेल्या खेळाला ते लागत नाही.

मोबाइलवरील ॲपच्या दुकानात खेळाच्या नावाखाली दिसणारा वयाचा आकडा कोणा भारतीय मंडळाने दिलेला नसतो. गुगलच्या दुकानात तो एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या प्रश्नावलीतून येतो आणि ती प्रश्नावली खेळाचा निर्माताच भरतो : रक्त दिसते का, किती वेळा, माणसाचे की काल्पनिक प्राण्याचे. उत्तरांवरून आकडा ठरतो. पालकांनी फोनमध्ये वयाची मर्यादा घालून ठेवली असेल, तर त्या आकड्यापुढचे खेळ उतरवता येत नाहीत. पण बहुतेक घरांत फोन वडिलांचा असतो आणि खातेही वडिलांचेच. त्यामुळे खेळणारा चौथीतला असला, तरी दुकानाच्या लेखी तो चाळिशीतला गृहस्थच असतो.